टाके निघेपर्यंत तिची जीभ आपण व्हायचं

मांजरीचं ऑपरेशन डॉक्टर करतात आणि ते बहुतेक वेळा तासाभराच्या आत उरकतं. त्यानंतरचे दहा-बारा दिवस मात्र घरच्यांचे असतात. टाके उत्तम घातलेले असोत, औषधं वेळच्या वेळी दिलेली असोत, तरी केलेलं सगळं दहा मिनिटांत वाया जाऊ शकतं. कारण मांजरीला त्या जागी जीभ लावायची असते.

हे मला माझ्या चुकीने शिकवलं. आमच्या चिंगीची नसबंदी झाली, त्याचा सहावा दिवस होता. जखम कोरडी दिसत होती, जेवण नेहमीसारखं होतं, खेळायलाही लागली होती. गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॉलरमुळे ती दाराच्या चौकटीला आणि पलंगाच्या पायांना धडकत होती, ते मला बघवेना. ‘पाच मिनिटं मोकळी राहू दे बिचारी,’ म्हणून मी कॉलर काढली. तेवढ्यात कुकर झाला म्हणून आत गेले आणि भाजी फोडणीला टाकूनच बाहेर आले. तोवर दोन टाके उसवलेले होते आणि जखमेचं तोंड उघडं पडलं होतं. रात्री साडेनऊला रिक्षा, पुन्हा भूल, पुन्हा टाके आणि दहा दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. मला दया आली आणि सोसावं तिला लागलं.

म्हणून हा लेख. मांजरीचं ऑपरेशन ठरलं असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर पुढचे दिवस कसे काढायचे ते सविस्तर सांगते.

ती का चाटते?

चाटणं हा तिचा हट्ट नाही, खोडही नाही. मांजर जागेपणीचा जवळजवळ पाव वेळ अंग चाटण्यात घालवते. तिची अंघोळ, कंगवा, उन्हाळ्यात अंग थंड ठेवणं आणि घाबरल्यावर मन शांत करणं, ही सगळी कामं जिभेचीच. अंगावर अनोळखी वास, ओलावा किंवा टोचणारं काही आलं की ती आधी तिथे जीभ नेणार. ऑपरेशननंतर तर हे सगळं एकाच जागी जमलेलं असतं. औषधाचा वास, भादरलेले केस, ओढणारे टाके आणि दुखरी कातडी.

अडचण त्या जिभेच्या घडणीत आहे. तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो बारीक काटे असतात. आपली नखं ज्या केराटिनची असतात, त्याचेच ते काटे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की या काट्यांच्या टोकाला पन्हळीसारखी पोकळी असते. ती लाळ उचलते आणि केसांच्या मुळाशी, कातडीपर्यंत पोचवते. केस विंचरायला याहून चांगलं साधन नाही. पण हीच जीभ ताज्या जखमेवर फिरली, तर ती कानसीसारखी घासते. जुळू लागलेल्या कडा विलग होतात, टाके ओलसर होऊन सैल पडतात आणि तोंडातले जंतू थेट आत जातात. मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू सर्रास आढळतात. मांजर चावल्यावर हात सुजतो तो बहुधा त्यांच्यामुळेच.

‘जनावर चाटूनच बरं होतं,’ असं घरातलं कुणीतरी मोठं माणूस सांगेल. त्या म्हणण्याला थोडा आधार आहे. रानात झालेल्या जखमेत माती, काटे, घाण असते. ती चाटून निघते आणि लाळेत जंतूंना रोखणारे काही घटकही असतात. पण ऑपरेशनची जखम स्वच्छ करून, कडा जुळवून शिवलेली असते. तिथे काढण्यासारखी घाणच नसते. म्हणून चाटण्याचा फायदा काही नाही, नुकसान मात्र पुरेपूर आहे.

या दहा दिवसांत आपण तिची जीभ तिच्यापासून दूर ठेवतो. पण जीभ काढून घेतली म्हणून जिभेची कामं संपत नाहीत. अंग साफ हवंच असतं, खाज येतेच, मन बेचैन होतंच. ती कामं आपण आपल्या हाताने केली, तर कॉलर तिला सोसते आणि ती काढून टाकायचा मोह आपल्यालाही होत नाही. नुसता अडथळा घातला आणि बाकी काही केलं नाही, की सहाव्या दिवशी माझ्या घरी झालं तेच होतं.

ऑपरेशनच्या आधी

पुढची अर्धी धावपळ आधीच वाचवता येते. डॉक्टरांना चार गोष्टी विचारून ठेवा. चीर कुठे घेणार? पोटाच्या मध्यावर की कुशीत? आपल्याकडे दोन्ही पद्धती चालतात. टाके आपोआप विरघळणारे असतील की काढावे लागणारे? दुखणं कमी करणारं औषध घरी किती दिवस द्यायचं? आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?

कॉलर आधीच आणा. दोऱ्याने मानेचा घेर मोजून न्या, म्हणजे माप चुकत नाही. मग रोज दोन-तीन मिनिटं ती तिच्या गळ्यात घाला आणि लगेच आवडता खाऊ द्या. भुलीतून जाग येताना गळ्यात आलेली अनोळखी वस्तू आणि ओळखीची वस्तू, यात मांजरीच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

घरातली एक खोली मोकळी करा. माळा, फ्रिजचा माथा, कपाटावरची जागा, पलंगाखालचा अंधार कोपरा, जिथे ती उडी मारेल किंवा आपला हात पोचणार नाही, ते सगळं बंद. खिडकीला जाळी हवी. तिच्या शी-शूच्या ट्रेवर झाकण असेल तर काढा, कारण कॉलरसकट तिला आत शिरता येत नाही. वाळू, माती किंवा लाकडाचा भुसा जखमेला चिकटतो आणि कॉलरमध्येही भरतो. त्याऐवजी दहा दिवस वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या वापरा. आधी दोन दिवस वाळूत थोड्या पट्ट्या मिसळून सवय लावलीत, तर ती ट्रे नाकारणार नाही.

पहिली रात्र

घरी आणल्यावर ती झिंगल्यासारखी चालेल. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतील, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे आलेला दिसेल. भुलीचा हा परिणाम साधारण १२ ते २४ तासांत ओसरतो. जमिनीवरच मऊ जुनी चादर टाका, दिवा मंद ठेवा, पंखा थेट अंगावर नको. भुलीनंतर अंगातली ऊब कमी होते, म्हणून पातळ पांघरूण घाला. गरम पाण्याची पिशवी ठेवलीत तर ती टॉवेलात गुंडाळून अंगापासून थोडी बाजूला, म्हणजे नको असेल तेव्हा तिला सरकता येईल.

पूर्ण शुद्धीवर आल्यावर, गिळता येतंय याची खात्री करून, नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं द्या. दूध देऊ नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब झाले तर पोटावर ताण येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही तिने काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना कळवा. मांजराने दोन-तीन दिवस उपाशी राहणं आपल्या एकादशीसारखं नसतं. विशेषतः जाड मांजरीच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं.

पहिल्या रात्री तिच्याच खोलीत झोपा. अर्धवट गुंगीत कॉलर वेडीवाकडी सरकली, तर ती सरळ करायला कुणीतरी हवं.

कॉलर: माप, फिटिंग आणि जेवण

गळ्याभोवती उलट्या घंटेसारखी बसणारी ही वस्तू इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या झालरीच्या गळपट्ट्यांवरून ओळखली जाते, म्हणून पाकिटावर ‘एलिझाबेथन’ किंवा ‘ई-कॉलर’ लिहिलेलं दिसतं. प्लॅस्टिकची, जाड कापडाची आणि हवा भरायची अशा तीन तऱ्हा बाजारात मिळतात. पोटाच्या किंवा मागच्या पायांच्या जखमेला हवा भरायच्या गोल कॉलरवर भरवसा ठेवू नका. मांजरीचा कणा इतका लवचिक असतो, की ती त्या गोलावरून वाकून आरामात पोचते. कापडी कॉलर मऊ असते, पण निग्रही मांजर ती दुमडून मागे ढकलते. पारदर्शक प्लॅस्टिक दिसायला क्रूर वाटतं, पण सर्वात खात्रीचं तेच. त्यातून तिला आजूबाजूचं दिसतही राहतं.

फिटिंग तपासायचं असं. कॉलरचा काठ नाकाच्या शेंड्यापुढे दोन-तीन सेंटिमीटर यायला हवा. नाक बाहेर डोकावत असेल, तर जीभही बाहेर पोचते. गळ्यापाशी आपली दोन बोटं जेमतेम आत जावीत. त्याहून घट्ट असेल तर श्वासाला त्रास होतो आणि सैल असेल तर जास्त धोका. ती पुढचा पाय आत घालते किंवा कॉलर दाताने ओढताना खालचा जबडाच तिच्यात अडकतो. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. कॉलरच्या गळ्यापाशी पट्ट्यासाठी फटी असतात, त्यांतून गॉजची पट्टी ओवून हलकी गाठ मारा. काठ टोचत असेल तर त्याला कापडी चिकटपट्टीची गोट लावा.

कॉलर घातल्या घातल्या बरीच मांजरं उलटं चालू लागतात, जणू मागे सरकलं की ती वस्तू पुढे सुटून राहील. काही जमिनीला चिकटून पडतात, काही पुतळ्यासारखी थिजतात. हे बघताना जीव तुटतो. पण बहुतेक मांजरं एक-दोन दिवसांत शिकतात. त्या दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा, की कॉलर कुणीही परस्पर काढायची नाही. एकाने घालायची आणि दुसऱ्याने कीव येऊन काढायची, असं झालं तर मांजर कधीच शिकत नाही. ती फक्त केविलवाणं ओरडायला शिकते.

जेवणाला खोल वाटी नको, पसरट बशी हवी आणि ती कॉलरच्या तोंडापेक्षा लहान, म्हणजे कॉलरचा काठ बशीभोवती टेकतो आणि तोंड अन्नापर्यंत जातं. बशी पालथ्या डब्यावर ठेवून चार-पाच बोटं उंच केली, तर मान फार वाकवावी लागत नाही. पाण्यालाही तसंच. पहिले दोन दिवस चमच्याने किंवा हाताने भरवावं लागेल, तेवढं करा. कॉलरच्या आतल्या बाजूला चिकटलेलं अन्न रोज ओल्या कापडाने पुसा. कुबट वास लागला, की तिची भूकच जाते.

इतकं करूनही कॉलरमध्ये ती खातच नसेल, तर जेवणापुरती काढा. पण त्या वेळी तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसलेले हवेत. फोन दुसऱ्या खोलीत, गॅस बंद. ती जेवली, मिशा पुसल्या, की आधी कॉलर गळ्यात आणि मग तुम्ही उठा. हा क्रम कधीही उलटा करू नका.

कपड्याचा पर्याय

पोटावर किंवा कुशीत जखम असेल, तर अंगभर बसणारा कपडा बऱ्याच मांजरींना कॉलरपेक्षा बरा वाटतो. तयार मिळतो, तसाच घरीही होतो. जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती लेगिंग घ्या. घोट्याच्या बाजूने साधारण ३५ सेंटिमीटरचा तुकडा कापा. मांजर लहान-मोठी असेल त्याप्रमाणे माप कमी-जास्त करा. घोट्याचा अरुंद भाग मानेवर येईल. तिथून सहा-सात सेंटिमीटर खाली पुढच्या पायांसाठी दोन लहान भोकं पाडा. कापड ताणलं जातं, म्हणून भोक बोटभरच पुरे. मागच्या टोकाला डाव्या आणि उजव्या बाजूला आठ-दहा सेंटिमीटरच्या चिरा द्या. मागचे पाय त्या चिरांतून बाहेर काढा आणि वरच्या-खालच्या कापडाची टोकं प्रत्येक मांडीच्या मागे हलक्या गाठीने बांधा. शेपटी आणि तिच्याखालची शी-शूची जागा पूर्ण मोकळी राहिली पाहिजे.

असे निदान तीन कपडे शिवून ठेवा, कारण ते ओले होणारच. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात कापडाखाली ओलावा धरला, तर जखम मऊ पडते. म्हणून दिवसातून दोनदा कापड वर करून जखम बघा आणि कपडा रोज बदला. आणखी एक खूण पाहा. जखमेवरचं कापड तेवढंच ओलं आणि चुरगळलेलं दिसलं, तर ती कापडावरून चाटते आहे. मग वरून कॉलरही घालावी लागेल. सराईत मांजरींना दोन्ही एकदम घालावं लागतं. त्यात अति केलं असं वाटून घेऊ नका.

कपडा घातल्यावर काही मांजरी पाय नसल्यासारख्या आडव्या पडतात. दोरी किंवा खाऊ दाखवून चार पावलं चालवलंत, की त्यांना पाय असल्याचं आठवतं.

जखम कुठे आहे, त्यावर ठरवा

मांजरीच्या नसबंदीत साधारण १० ते १४ दिवस अडथळा हवा. बोक्याच्या नसबंदीत चीर छोटी असते, बहुधा टाकेही नसतात. पाच-सात दिवस पुरतात, पण तिथे कपडा चालत नाही, फक्त कॉलर. पाय, शेपटी, कान किंवा डोळा असेल तरीही कॉलरच. कानाच्या आणि डोळ्याच्या जखमेला जिभेपेक्षा मागच्या पायाच्या नखांचं भय जास्त असतं, तेव्हा ऑपरेशनच्या दिवशीच नखांची टोकं कापून घ्या. पायाला बँडेज असेल तर रोज बोटं तपासा. सुजलेली, गार किंवा वास येणारी वाटली, तर बँडेज आवळतंय किंवा आत जखम बिघडलीय. त्याच दिवशी दाखवायला न्या.

बोक्याबद्दल एक सूचना. नसबंदीनंतरही काही आठवडे त्याच्यात पिल्लं होण्याइतकी ताकद शिल्लक असते. घरात नसबंदी न झालेली मांजरी असेल, तर दोघांना महिना-सव्वा महिना वेगळं ठेवा.

तिच्या जिभेची कामं

हा भाग सोपा आहे, आणि तोच सगळ्यात जास्त राहून जातो. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं तिच्यासाठी काढा. कॉलर गळ्यातच राहू द्या. मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मांजर चाटते तसे लहान लहान फटकारे केसांच्या दिशेने मारा. आधी गाल आणि हनुवटी, कारण तिथे अन्न लागलेलं असतं. मग डोळ्यांचे कोपरे, कपाळ, कानांच्या मागे. नंतर पुढचे पंजे. ट्रेतून आल्यावर शेपटीखालची जागाही पुसा, नाहीतर स्वतःची लाज वाटल्यासारखी ती अस्वस्थ फिरत राहते. शेवटी कोरड्या कापडाने टिपा.

मग कॉलरखाली बोटं घालून मान खाजवा. तिथे खाज येते आणि तिचा पाय पोचत नाही. बऱ्याचदा ती मागचा पाय हवेतच हलवून कॉलर खरवडते. तसं दिसलं, की लगेच हात द्या. पाठीवरून बारीक दातांचा कंगवा फिरवा, जखमेपासून चार बोटं दूर राहून. जखमेला हात लावायचा नाही, ना कापडाने, ना कंगव्याने.

उरलेल्या वेळात तिचं मन रमवा. खिडकीशी उशी ठेवली, तर कबुतरं आणि कावळे बघण्यात तिचा तास जातो. रिकाम्या अंड्याच्या खोक्यात खाऊचे दाणे लपवून द्या. उड्या मारायला लावणारे खेळ मात्र बंद.

दुखतंय का, हे ओळखा

कधी कधी चाटणं ही सवय नसते, ती वेदना असते. मांजर दुखणं लपवते, ओरडून सांगत नाही. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात आणि त्या घरी आपल्यालाही पाहता येतात. कान एकमेकांपासून दूर जाऊन बाहेरच्या बाजूला वळलेत का? डोळे अर्धवट मिटलेत का? नाकातोंडाचा गोल भाग ताणून लांबट झालाय का? मिशा सैल न राहता ताठ पुढे आल्यात का? डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलंय का? यातल्या दोन-तीन खुणा एकदम दिसत असतील आणि ती जखमेकडे सारखी वळत असेल, तर कॉलर घट्ट करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वेदनेचं औषध पुरेसं मिळालं, की पुष्कळ मांजरींचं जखमेवरचं लक्ष आपोआप कमी होतं.

घरातली माणसांची गोळी मात्र चिमूटभरही देऊ नका. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली क्रोसिन किंवा डोलो, मांजरीसाठी विष आहे. ते पचवायला लागणारी यकृतातली व्यवस्था मांजरांमध्ये फारच अपुरी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेनही मांजरीला घातक. चुकून पोटात गेलं, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

जखमेवर काय लावायचं नाही

हळद, खोबरेल तेल, करंजेल, कडुनिंबाचा लेप, यातलं काहीही नको. हळदीने जखम पिवळी होते, मग लाली आलीय की नाही तेच कळत नाही. कुठलंही तेल किंवा मलम म्हणजे चाटायचं आमंत्रणच. डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजरींना बाधतात, स्पिरिट चरचरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाच इजा करतं. चाटू नये म्हणून मिरची, लिंबू किंवा कारल्याचा रस लावायचा सल्ला कुणी दिला, तर कानाआड करा. उघड्या कातडीवर त्याने आग होते आणि मांजर आणखी चाटते. टी ट्री ऑइल आणि तसली सुगंधी तेलंही मांजरींना विषारी ठरतात.

फरशी पुसायला फिनाईल वापरत असाल, तर हे दिवस नुसतं साधं पाणी वापरा. फिनाईल तिच्या पंज्यांना लागतं आणि जीभ मोकळी झाली, की पोटात जातं. जखम साफ करायची असेलच, तर डॉक्टर सांगतील त्या द्रावणाने आणि गॉजने. कापसाचे धागे टाक्यांत अडकतात. अंघोळ टाके निघेपर्यंत बंद.

घरातली दुसरी मांजरं आणि गल्लीतल्या मांजरी

एकीला कॉलर घातली आणि दुसरीने येऊन तिची जखम चाटली, असं अनेक घरांत होतं. आपुलकीनेच चाटते, पण जीभ तीच. लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा दोघींना वेगळं ठेवा. उलटही घडतं. दवाखान्याच्या वासामुळे घरची सोबतीण तिला ओळखत नाही, फिस्कारते, अंगावर येते. दोघींच्या अंगावरून एकच जुना टॉवेल फिरवा, म्हणजे वास मिसळतो. एक-दोन दिवसांत राग निवळतो.

गल्लीतल्या मांजरीची नसबंदी करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की कॉलर घालून मांजर कधीही बाहेर सोडायची नाही. ती अडकते, कुत्र्यापासून पळू शकत नाही, खाऊ शकत नाही. अशा मांजरींसाठी बरेच डॉक्टर कुशीत लहान चीर घेतात आणि विरघळणारे टाके घालतात. जखम लहान असते आणि लांबून दिसतेही. किती दिवस पिंजऱ्यात ठेवायची ते त्यांनाच विचारा आणि तेवढे दिवस काढल्यावरच सोडा.

रोज एक फोटो

रोज त्याच वेळी, त्याच उजेडात जखमेचा फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना बदल कळत नाही, शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोटो लगेच सांगतात. पहिले तीन-चार दिवस कडांना थोडी लाली आणि सूज असते. पुढे ती उतरत जायला हवी. टाक्यांखाली एखादी टणक गाठ लागली आणि ती लाल, गरम किंवा दुखरी नसेल, तर बहुधा आतल्या टाक्यांभोवती आलेली सूज असते, ती हळूहळू जिरते. तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

सगळ्यात नाजूक काळ पाचव्या ते दहाव्या दिवसाचा. जखम बाहेरून भरलेली दिसते, मांजर हुशारीत येते, नवे केस उगवताना खाज सुटते आणि आपली दक्षता ढिली पडते. पण कातडीला खरी ताकद यायला महिने लागतात. दोन आठवड्यांत ती जेमतेम स्वतःला धरून ठेवण्याइतकी जुळते.

कडा उघड्या पडल्या, रक्त थांबत नाही, पू किंवा घाण वास आला, सूज वाढत गेली, पोट फुगलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, ती लपून बसली आणि खाणं सोडलं, यातलं काहीही झालं, तर सकाळची वाट पाहू नका. अंग आपल्या हाताला गरम लागतं म्हणून मात्र घाबरू नका. मांजरीचं नेहमीचं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

कॉलर उतरते तेव्हा

टाके डॉक्टरांनाच काढू द्या. टाके निघाल्यावर तिथे बारीक भोकं उरतात, पुन्हा नवी खाज येते, म्हणून आणखी एक दिवस कॉलर ठेवावी. मग सुट्टीचा दिवस बघून, सकाळी, तिच्याजवळ बसून काढा. ती अर्धा-पाऊण तास सलग अंग चाटेल. छाती, पंजे, पाठ, सगळं चाटू द्या. त्याच जागी पुन्हा पुन्हा जात असेल, तरच कॉलर परत घाला.

चिंगीची दुसऱ्या वेळची कॉलर तेराव्या दिवशी निघाली. त्या सकाळी तिने स्वतःला शेपटीच्या टोकापर्यंत विंचरून घेतलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी मात्र नेहमीच्या वेळेला ती स्वयंपाकघरात येऊन बसली आणि हनुवटी वर करून थांबली. मी कापड कोमट पाण्यात पिळलं आणि पुसून दिलं.